झाकलेला गंज



वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरात गंज म्हणजे उभट पातेले, शेतात रचून ठेवलेली कडब्याची रास ती गंजी, आणि लोखंडाला लागतो तोही गंजच. मला आज या शेवटच्या गंजाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यातही जो डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी. जुन्या मोटारीच्या अंगात, दोन पत्र्यांमधल्या अंधाऱ्या पोकळीत, रंगाच्या आड जो गंज वर्षानुवर्षे वाढत असतो तो ओळखावा कसा, उघडा करावा कसा आणि पुन्हा येऊ नये म्हणून काय करावे, हा आजचा विषय. विषय कारखान्यातला आहे हे खरे. परंतु ज्यांच्या घरी लोखंडी खिडकी, गच्चीवरची टाकी किंवा वडिलांच्या वेळचे कपाट आहे, त्यांनाही तो अगदीच परका वाटू नये.

ज्या गाडीमुळे माझे लक्ष या विषयाकडे वेधले गेले, ती कावेरीच्या मुलखात पट्टीश्वरम् या गावी आहे. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरांवरचे हे गाव. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली अशी कथा आहे, म्हणून इथला शिव तो धेनुपुरीश्वर. त्याच्या देवळातील दुर्गेच्या दर्शनाला दुरून माणसे येतात. दारासुरमचे ऐरावतेश्वराचे प्रसिद्ध मंदिरही येथून जवळच. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत चालले, आणि त्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे या भागात रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ सालचा, आणि तो कुंभकोणमचाच. माझी बहीण अशाच एका घरात दिलेली आहे.

तिचे सासरे मुंबईस नोकरीला होते. तेथे त्यांनी १९६६ साली फियाट ११०० डिलाइट घेतली. आजच्या तरुण श्रोत्यांना कल्पना यावयाची नाही, पण त्या काळी पैसे हाती असूनही गाडी मिळत नसे; नाव नोंदवावयाचे आणि आपला क्रमांक लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात हा नमुना १९६४ पासून तयार होऊ लागला. हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर आणि त्याहूनही अधिक टॅक्सीतळावर ओळखीची झाली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती जात मुंबईच्या टॅक्सींतून नाहीशी झाली. आमच्या सासरेबुवांची गाडी मात्र त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन १९७९ मध्ये पट्टीश्वरमला आली होती. म्हणजे तेरा वर्षे समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे चहूकडे पाणथळ भातखाचरे असलेल्या गावात. लोखंडाच्या पत्रिकेत याहून वाईट ग्रहयोग शोधून सापडणार नाही.

तरीही गाडी दिसावयास देखणी होती. दोनदा रंग दिलेला, कडेच्या पट्ट्या चकचकीत, आतली बैठक नवी. मेहुण्यांच्या मनात वडिलांची गाडी पुन्हा चालती करावयाची होती. इंजिन दुरुस्त झाले, ब्रेक झाले, आणि मग कुंभकोणमच्या एका वयस्क कारागिराला पत्रा पाहावयास बोलावले. आपण ज्याला डेंटर म्हणतो त्याला तिकडे टिंकर म्हणतात. त्या गृहस्थांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. लाकडी हातोडीने ते दाराखालचा पत्रा हळूहळू ठोकीत गेले. मडके वाजवून घ्यावे असे आपण म्हणतो, तसाच हा प्रकार होता. निरोगी पत्रा टणत्कार करतो; गंजाने पोखरलेला पत्रा भद्द बोलतो; आणि जेथे पत्राच उरलेला नाही, नुसती लांबी भरून वर रंग दिला आहे, तेथे लाकडावर ठोकल्यासारखा मुका आवाज येतो. मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक काढले. ते पत्र्यावर चिकटत चिकटत सरकले आणि उजव्या बाजूच्या दाराखाली वीतभर जागेत सरळ गळून पडले. शेवटी त्यांनी त्या बाजूला जॅक लावला. चाक जमिनीवरून उचलले जाताच पुढचे दार, जे आतापर्यंत सहज बंद होत होते, ते चौकटीत अडकले.

या शेवटच्या परीक्षेचा अर्थ नीट समजला पाहिजे. फार जुन्या मोटारींना खाली जाड लोखंडाचा स्वतंत्र सांगाडा असे आणि त्यावर पत्र्याची कोठी बसविलेली असे. कोठी गंजली तरी सांगाडा भार वाहत असे. फियाट ११०० ला, आणि तशीच आपल्या ॲम्बॅसडरलाही, असा वेगळा सांगाडा नाही. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा वळवून, दुमडून, जोडून त्याच्या पोकळ पेट्या केलेल्या असतात आणि त्या पेट्याच सारा भार वाहतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची पेटी दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते. कारखान्यात तिला सिल म्हणतात. मी उंबरठा म्हणतो. हा उंबरठा खचला की गाडी मधोमध वाकू लागते, आणि दार अडकले ते त्यामुळेच. अशा गाडीला रस्त्यावर एखादी धडक बसली, तर आत बसलेल्यांच्या आणि धडकेच्या मध्ये लांबी आणि रंग यांखेरीज फारसे काही नसते. तेव्हा हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

आता हा गंज आतूनच का वाढतो? लोखंड गंजावयास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात, हे शाळेत आपण शिकलो. हवेतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर पत्र्यावर बसतो, आणि त्यात मीठ असेल तर तो विजेचा चांगला वाहक होतो. मग पत्र्याच्या दोन जागांमध्ये एक चिमुकली बॅटरी तयार होते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी पाण्याच्या एका थेंबावर प्रयोग करून दाखविले, की थेंबाच्या कडेला, जेथे प्राणवायू मुबलक पोचतो, तेथले लोखंड सुरक्षित राहते. आणि थेंबाच्या मध्याखाली, जेथे प्राणवायू कमी असतो, तेथले लोखंड विरघळते. ऐकून आश्चर्य वाटेल, पण ज्या जागेला हवा कमी तीच जागा अधिक झिजते. उंबरठ्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाखाली, दुमडलेल्या कडेत, दोन पत्र्यांच्या सांध्यात हीच स्थिती असते. भरीस भर म्हणजे गंज लोखंडापेक्षा कित्येक पटींनी अधिक जागा व्यापतो. सांध्यात साचला की पत्रे एकमेकांपासून फाकवतो, आणि त्या फटीत आणखी पाणी जाते. बाहेर रंगावर तांदळाएवढा फोड दिसू लागतो, तेव्हा आतले काम बहुधा संपलेले असते. फोड खरवडून, पॉलिश कागदाने घासून त्यावर रंग देणारे लोक रोग्याचा ताप उतरावा म्हणून थर्मामीटर धुवीत असतात.

अशा वेळी कोणीतरी दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला हमखास देतो. सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे आणि गंजला नाही, मग आमच्याच गाडीला काय झाले? त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे त्यावर एक संरक्षक थर बसला आहे, ही गोष्ट खरी. पण तो भरीव आहे, त्याला पोकळी नाही, पाऊस पडला की लगेच वारा त्याला कोरडा करतो. आणि १९६१ साली पुरातत्त्व खात्याने तो उकरून काढला तेव्हा काय आढळले, हे फारसे कोणी सांगत नाही. जमिनीखालच्या भागावर गंजाचे थर बसले होते आणि खड्डे पडले होते. जो भाग सारे जग पाहते तो स्वच्छ, आणि जो मातीआड तो गंजलेला! पट्टीश्वरमहून काही तासांच्या वाटेवर, कारैकुडी येथे, केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था आहे. अळगप्पा चेट्टियार यांनी तिच्यासाठी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले, आणि १९५३ साली तिचे उद्घाटन झाले. धातूंचे क्षरण हा तिच्या अभ्यासाचा एक मोठा विषय आहे. तमिळ मुलखाला या शास्त्राचे अगत्य वाटावे हे साहजिकच आहे; इतका लांब समुद्रकिनारा आणि इतके पूल, बोटी, खांब!

असो. उंबरठा उघडावयाचे ठरले. घाई करून कापावयास लागणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका. गाडीचा भार वाहणारा पत्रा कापला की उरलेली कोठी आपल्याच वजनाने वाकते, आणि त्याच वाकलेल्या स्थितीत नवा पत्रा जोडला तर दारे पुढे कधीही नीट लागत नाहीत. यास्तव गाडी चाकांच्या आधारापाशी ठोकळ्यांवर समतल ठेवली. दाराच्या चौकटीत आडवी सळई तात्पुरती जोडली. दारे जागच्या जागी ठेवून फटी मोजून लिहून घेतल्या. आणि एका वेळी एकच बाजू उघडावयाची असे ठरविले. पेट्रोलची टाकी उतरविली, बॅटरी सोडली, बैठका आणि खालचे तागाचे नमदे बाहेर काढले. हे नमदे पिळले तेव्हा त्यांतून पाणी निघाले. गाडी गेले सहा महिने आडोशाला उभी होती.

पत्रा कापला तेव्हा आतून ओंजळ-दोन ओंजळी माती पडली. खाली काळसर, वर तांबडी. त्यामागून लांबीचा जाड पापुद्रा निघाला आणि पापुद्र्याच्या आत दाबून बसविलेला वर्तमानपत्राचा बोळा. पूर्वी कधीतरी, मुंबईच्या कोणा कारागिराने, भोकात कागद कोंबून त्यावर लांबी ओढली होती. कागद दमट राहतो, म्हणजे भोक बुजविण्यासाठी याहून घातक वस्तू निवडणे कठीण. बोळा उलगडला तर त्यावर देवनागरी अक्षरे! सिनेमाच्या जाहिरातीचा अर्धा तुकडा होता. भोवती जमलेल्या तमिळ मंडळींत तो वाचू शकणारी माणसे दोनच, माझी बहीण आणि मी. मेहुण्यांच्या घरी मराठी बोलतात, पण त्यांचे सारे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालेले. बहिणीने तो तुकडा मोठ्याने वाचून दाखविला आणि मग त्यांनी तो उन्हात वाळत घातला. वडिलांच्या गाडीत फसवणूक निघाली याचा त्यांना राग आला नाही. वडिलांच्या मुंबईतला एक कागद हाती आला याचेच अप्रूप वाटले. मला मात्र त्या कारागिराचा राग आला होता. पण पुढे विचार करता वाटले, टॅक्सीतळाजवळच्या अरुंद गल्लीत संध्याकाळपर्यंत गाडी परत देण्याच्या बोलीवर काम करणाऱ्या माणसाने आणखी काय करावे?

कापावयाचे किती, हा यापुढचा प्रश्न. गंज जेथे दिसतो तेथे थांबून चालत नाही. पत्रा पांढरा, चकचकीत आणि पूर्ण जाडीचा लागेपर्यंत मागे जावे लागते. पण उगाच अधिकही कापू नये. मूळ पत्रा जेवढा राहील तेवढी गाडी मूळची. जेथे वरवरचा गंज आहे पण पत्र्याचा जीव शाबूत आहे, तेथे तारेच्या ब्रशाने खरवडून रासायनिक उपाय करता येतो. फॉस्फरिक आम्लाने गंजाचे लोहाच्या फॉस्फेटात रूपांतर होते. दुसरा उपाय टॅनिनचा. त्याने तांबडा गंज काळा पडून घट्ट बसतो. हिरडा आणि हिराकस यांपासून आपले पूर्वज काळी शाई करीत, त्यातले रसायन आणि हे रसायन एकाच कुळातले. मात्र हे सारे उपाय पातळ गंजावर चालतात. पोखरलेल्या जाड थरावर ते ओतले तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपला उद्योग चालूच ठेवतो. बिजागऱ्या, कंस, पट्ट्या असे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, ऋण टोकाला जोडून, विजेने स्वच्छ करता येतात. धन टोकाला साध्या लोखंडाचा तुकडा लावावा; स्टेनलेस स्टीलची पळी लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. आणि हे काम उघड्यावर करावे, कारण भांड्यातून हायड्रोजन निघत असतो.

नवा पत्रा कारागिराने जागेवरच वळवला. कागदाचा साचा कापून, त्यावरून खूण करून, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने त्याने जी गोलाई आणली ती पाहत राहावी अशी होती. कुंभकोणम हे तांब्यापितळेच्या कामाचे गाव. कॉफीचे पेले आणि पूजेची भांडी घडविणाऱ्या हातांच्या शेजारी हा हात वाढलेला. जोडकाम मात्र त्याने जुन्या गॅसच्या ज्योतीने केले नाही. तिच्या उष्णतेने पातळ पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. कार्बन डायऑक्साइडच्या झोतातील विजेच्या जोडणीने तो बोटाच्या पेराएवढे टाके घालीत गेला. एक येथे, दुसरा हातभर दूर, म्हणजे उष्णता एका जागी साचू नये. जोडण्यापूर्वी आतल्या कडांना जस्ताचा प्रायमर दिला. शेजारी ओल्या वाळूची बादली ठेवलेली होती. एका गोष्टीवर मी त्याचे विशेष अभिनंदन केले. उंबरठ्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी मुळात छिद्रे असतात. बहुतेक दुरुस्त्यांत नवा पत्रा लावताना ती बुजून जातात आणि पेटीचा हौद होतो. त्याने जुन्या पत्र्यावरून मोजून ती सारी पुन्हा पाडली.

पेटी बंद झाली. पण आतल्या बाजूचे काय? तेथे ब्रश पोचत नाही, आणि जोडकामाच्या उष्णतेने सांध्याजवळचा प्रायमर जळून गेलेला असतो. त्या काळच्या कारखान्यांतला रंग असल्या पोकळ्यांत धडपणे पोचत नसे, हेच या व्याधीचे मूळ. यावर उपाय मेणाचा. पातळ केलेले मेण लांब नळीने, छिद्रांतून, दाबाने आत फवारतात. ते सांध्यांत झिरपते आणि मऊच राहते, त्यामुळे त्याला तडा जात नाही. कित्येक ठिकाणी लोकरीतली चरबी, म्हणजे लॅनोलिन, वापरतात. आपल्याकडे जुने इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आहे. ते अगदी निरुपयोगी नाही, पण रबराचा नाश करते आणि जमिनीवर ठिबकत राहते.

मेण फवारण्याचा हा प्रकार चालू असता मला शेजारच्या स्वामीमलैची आठवण झाली. तेथले स्थपती मेण, राळ आणि भुईमुगाचे तेल यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवितात, तीवर कावेरीकाठच्या गाळाच्या मातीचे लेप देतात, भट्टीत मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत पंचरसी धातू ओततात. चोळांच्या काळापासून चालत आलेली ही विद्या. तेथे पोकळीतून मेण गेल्यावर देव येतो. आमच्या उंबरठ्यात मेण राहिले तरच पत्रा राहतो. मी हे कारागिराला सांगितले. त्याने नम्रपणे मान हलविली आणि म्हटले, की त्याचा मावसभाऊ तेथेच कामाला आहे, पण गाडीला लावावयाचे मेण वेगळे असते.

गाडी आता साठीच्या घरात आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीला जुन्या वारशाचे वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीसाठी शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र गाडी मूळ रूपात जपलेली असली पाहिजे. कोठी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापराला नाही. म्हणजे वारसा म्हणून मान घ्यावा, तर घरच्या मंडळींना बसवून दुर्गेच्या दर्शनाला जाण्याची सोय उरत नाही. मेहुण्यांनी तो मान अद्याप घेतलेला नाही. गाडी निवृत्त झालेली बरी, की म्हातारपणी थोडी हिंडती राहिलेली बरी, यावर त्या घरात दोन पक्ष आहेत आणि पाहुणा म्हणून मी कोणत्याच पक्षात नाही.

आता देखभाल एवढीच, की वर्षातून एकदा छिद्रे मोकळी करावयाची आणि दोन-तीन वर्षांनी मेणाचा नवा हात द्यावयाचा. आपल्याकडे खंडेनवमीला गाड्या धुऊन त्यांना झेंडूचे हार घालतात. तिकडे त्याच दिवशी आयुधपूजा असते आणि पूजेनंतर चारही चाकांखाली लिंबे ठेवून गाडी त्यांवरून पुढे नेतात. मुहूर्त मोठा सोयीचा आहे, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत तिकडे ऐप्पसी महिन्याचा ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. गाडी बाहेरून धुतली जाते तेव्हाच माझी भाची खराट्याचा एक हीर घेऊन खाली वाकते आणि दारांच्या व उंबरठ्यांच्या तळची छिद्रे एकेक करून टोकरते. गेल्या वर्षी पहिल्या तीन छिद्रांतून काहीच निघाले नाही. चौथ्यातून चमचाभर पाणी आणि भाताचे एक तूस बाहेर आले.